लाल गाडीच्या पोटातला वास

मी एक जुनी लाल मोटार आहे, मित्रांनो, आणि मला पापण्या आहेत. हसू नका. तुमच्या गावातल्या गाड्या बिचाऱ्या दिवसरात्र डोळे टक्क उघडे ठेवून उभ्या असतात. माझे दिवे मात्र नाकाच्या दोन्ही बाजूंना आत झोपलेले असतात. बटण दाबलं की झाकणं वर येतात आणि मला जग दिसतं. बटण बंद केलं की झाकणं मिटतात आणि मी ठार आंधळी. एवढं लक्षात ठेवा. कारण पुढे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं आणि हुंगलेलं आहे. पाहिलं ते एकदाच, आणि तेवढ्याने माझी बॅटरी बसायची बाकी राहिली होती.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. कारखान्यात शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा मी अशी शिंकले की छपराची तीन कौलं उडाली. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहा, तीन कौलं अजून नव्या रंगाची आहेत. दोनच दारं, दोनच खुर्च्या, आणि पोट जमिनीला टेकलेलं, असा माझा बांधा. वाऱ्याला मागे टाकण्यासाठी मला घडवलं होतं, पण नशिबाने टाकलं वणीला. तिथल्या एका कोळशाच्या ठेकेदाराला हौस आली होती. राजूरच्या खाणींच्या रस्त्याने मी लाल जायची आणि काळी परत यायची. कोळशाची धूळ माझ्या घशात बसली तशी त्याची हौस फिटली, आणि मी एका गॅरेजच्या मागे, बाभळीखाली, कोंबड्यांचं खुराडं होऊन पडले.

तिथून मला भीमसिंगने उचललं. भीमसिंग कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथे घातले होते. पुढे ती माणसं तांडा करून एका जागी राहिली, कापूस आणि तूर पेरू लागली. पण भीमसिंगच्या पायाची खाज काही गेली नव्हती. ट्रकमागे दोर बांधून त्याने मला तांड्यावर आणलं, तेव्हा त्याचा थोरला भाऊ नेमसिंग अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"घरात मानसं चार, आन खुर्च्या दोन," तो म्हणाला. "बाकीच्यायनं टपावर बसाव का?"

झालं. तेवढ्यावर दोघा भावांचं बोलणं तुटलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. एकाच घरात राहायचे, एकाच शेतात राबायचे, पण बोलायचं असलं की म्हाताऱ्या आईच्या, रुपीबाईच्या, मार्फत. नेमसिंग चुलीपाशी जेवायला बसलेला असला की भीमसिंग आपली भाकर उचलून माझ्यापाशी येई. ट्रकवाल्यांची एक रीत असते, मित्रांनो. भाकर पळसाच्या पानांत बांधून इंजिनाजवळच्या गरम पत्र्यावर ठेवायची आणि निघायचं. वणीच्या वाटेवर पळसाच्या झाडांचं एक वळण आहे. तिथवर गेलं की भाकर चुलीतून काढल्यासारखी होते. तो तिथे थांबे, माझ्या बॉनेटला टेकून जेवी, आणि एक घास माझ्या चाकापाशी ठेवी. बॉनेटची आतली कळ तुटली होती, म्हणून त्याने माझ्या नाकाखाली एक तार बांधून ठेवली होती. तार ओढली की पोट उघडलं. माझं पोट म्हणजे त्याची चूल होती. एवढा मान मला कारखान्यात कोणी दिला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात भीमसिंग तापाने गेला. भावाशी न बोलताच गेला.

मला मग त्याची मुलगी अंजू चालवू लागली. ती वणीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते, शनिवारी तांड्यावर येते आणि रविवारी सकाळी मला फिरवून आणते. बापासारखीच सफाईने गिअर टाकते. माझ्यावर तिचा फार जीव. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात आला. तांड्यात पत्र्याचं मोठं शेड एकच, आणि त्यात मी उभी. त्यामुळे माझ्या दोन्ही बाजूंना आणि समोरच्या भिंतीला छपरापर्यंत कापूस रचला गेला. मी जणू ढगात झोपायची.

आणि तेव्हाच वास सुरू झाला.

पहिल्यांदा तो आला पळसाच्या वळणावर. तिथेच, जिथे भीमसिंग जेवायचा. अंजूने ब्रेक दाबला आणि नाक वर केलं. जळकट वास, पण रबराचा नाही. तेलाचा नाही. जरा गोडसर, जरा तुपकट, आणि खाली कुठेतरी कडू. तिने उतरून बॉनेट उघडलं. धूर नाही, ठिणगी नाही. वारा नव्हता, तरी पळसाची पानं हलत होती. म्हणजे मला तसं वाटलं. मोटारीला पानांचं फारसं कळत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तिथेच, आणि जास्त दाट.

तांड्यात गोष्ट पसरायला काय लागतं? धनीबाई नावाची शेजारीण माझ्याजवळून गेली, तिने पदर नाकाला लावला आणि सांगून टाकलं की हा चितेवरच्या तुपाचा वास आहे. भीमसिंगची चिता स्मशानात विझली पण गाडीत विझली नाही. त्या दिवसापासून लेकरं माझ्या सावलीवरूनही उडी मारून जाऊ लागली.

पण तांड्याला जे माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं. दर रविवारी फेरी मारून आल्यावर अंजू मला शेडात लावी, दिवे मिटवी आणि घरात जेवायला जाई. भर दुपार. सगळं चिडीचूप, पत्रा तापून तडतडायचा. आणि मग कुणीतरी यायचं. पावलं अनवाणी. रुपीबाई असती तर मला कळलं असतं. तिच्या पायातले चांदीचे वाळे तिच्याआधी दारात पोचतात. हे पाऊल मुकं होतं. कापसाला घासत, हळूहळू माझ्या नाकापाशी यायचं. तार ओढली जायची. माझं पोट उघडायचं. कुणाचा तरी श्वास माझ्या इंजिनावर पडायचा, लांब, थरथरता. मग आत कुठेतरी चर्र व्हायचं. आणि बॉनेट मिटायचं, पण आदळून नाही. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. मित्रांनो, मी वाऱ्याशी शर्यत लावलेली गाडी. पण त्या वेळी माझ्या चारही चाकांतली हवा गार पडायची.

अंजूने वणीहून फकिरा मिस्त्रीला आणलं. फकिराने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि "सापडला" म्हणाला. वायर जळते. त्याने सगळ्या वायरी उसवल्या. एकही जळलेली नव्हती. दुसऱ्या खेपेला पुन्हा "सापडला". क्लच घासतो. क्लच काढला, तो लग्नाच्या वयाचा असल्यासारखा तरुण निघाला. मग ब्रेक. मग एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं सापडलं, तेव्हा फकिरा इतका खूश झाला की त्याने चहा मागवला. घरटं काढलं, चहा संपला, वास तसाच. शेवटी तो म्हणाला की वास गोड आहे म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं औषधी पाणी गळतं. पाण्याचा एक थेंब कमी झालेला नव्हता. तेव्हा त्याने पाने पिशवीत भरले आणि माझ्या नाकाला लिंबू-मिरची बांधली.

"हे माह्या पान्याचं काम नाही, अंजूताई," तो म्हणाला. "हे लिंबाचं काम हाय."

त्या संध्याकाळी नेमसिंग शेडाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. त्याने सांगितलं ते खोटं नव्हतं. वर्षाचा कापूस या शेडात आहे, आणि ज्या गाडीतून जळका वास येतो तिला कापसात ठेवणं म्हणजे गोठ्यात वाघ बांधणं आहे. पुढच्या रविवारपर्यंत वास सापडला तर ठीक. नाहीतर सोमवारी सकाळी भंगारवाला येईल.

"गाडी बाची हाय, काका," अंजू म्हणाली.

"बा तुहा होता, भाऊ माहा होता," नेमसिंग म्हणाला. "पन कापूस साऱ्यायचा हाय."

भंगारवाला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे. बाभळीखाली माझ्या शेजारी एक निळी जीप उभी असायची. एका सकाळी तिचा चौकोन झाला.

अंजू तो आठवडा वणीला गेलीच नाही. रोज माझ्यापाशी बसायची, इथे हुंग, तिथे हुंग. आणि शुक्रवारी मला गुदगुल्या झाल्या. पुढच्या चाकावरून, आसावरून, पोटात काहीतरी सरसरत होतं. मी बऱ्याच दिवसांपासून ते सोसत होते, पण सांगणार कुणाला? अंजूने खाली वाकून पाहिलं. काळ्या मुंग्यांची रांग. जमिनीतून निघालेली, माझ्या चाकावर चढलेली, आणि सरळ इंजिनाकडे गेलेली.

ती बराच वेळ तशीच वाकून होती. मोटारीच्या तेलाला मुंगी लागत नाही. जळक्या वायरीलाही लागत नाही. तिने रांगेमागे हात घातला. धुराच्या नळकांडीवर जो पत्रा असतो, ज्यावर भीमसिंगची भाकर तापायची, त्याच्या खाचेत बोट घातलं आणि काळा लगदा खरवडून काढला. चिकट, वर कापसाची रोवं, बारीक तंतू, बसलेली. चोळला तर त्यात गव्हाची रवाळ कणी लागली. नाकाशी नेला. तूप, आणि करपलेला गूळ.

लापसी. माझ्या इंजिनात कुणी लापसी रांधत होतं.

अंजू आजीकडे गेली. आजी म्हणजे रुपीबाई, घर काही लांब नाही आणि म्हातारीचा आवाज बारीक नाही, म्हणून मला सगळं ऐकू आलं. रुपीबाईने सांगितलं की तांड्यावर दिवाळीला धबुकार देतात. चुलीतल्या निखाऱ्यांवर लापसी आणि तूप टाकायचं आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. जाळ भप्पकन उठला तर त्याने घास घेतला. यंदा भीमसिंगच्या नावाने तूप टाकलं, तर जाळ उठलाच नाही. नुसता धूर.

"ज्यानं जिथं खाल्लं तिथंच देवाव लागते," ती म्हणाली. "त्यानं चुलीपाशी खाल्लंच कुठं?"

"म्हून तू गाडीत देते का, दादी?"

रुपीबाई हसली. "मले पापडाच्या डब्याचं झाकन उघडत नाही, पोरी. तुह्या गाडीचं कोठून उघडन?"

मग कोण?

रविवार आला. अंजूने मला फिरवून आणलं, वळणावर वास आला, आम्ही परतलो. शेडात लावलं, दिवे मिटले. तिने दार उघडून धाडकन लावलं, पण उतरली नाही. दोन्ही खुर्च्यांवर आडवी झाली आणि श्वास धरून पडली. माझ्या इंजिनाची टिकटिक हळूहळू मंदावत होती. बाहेर एक होला घुमत होता, तोही गप्प झाला.

पाऊल आलं. कापसाला घासत, माझ्या नाकापर्यंत. तार ओढली गेली. पोट उघडलं. तो लांब श्वास. आणि या वेळी, मित्रांनो, त्या मुक्या पावलाला आवाज फुटला.

"भीमा, घे. दर खेपेले देऊन राह्यलो, आन दर खेपेले तू जळका वास सोडतं. काय कमी पडून राह्यलं तुले? तूप का गूळ?" जरा थांबून तो म्हणाला, "उद्या हे गाडी जाईन, मंग तू सुटशीन. पन मंग तुले मी जेवू कुठं घालू?"

अंजूने बटण दाबलं.

माझ्या पापण्या उघडल्या. समोर नेमसिंग. हातात वाटी, डोळ्यांत पाणी, आणि तोंड असं की मी आजवर कुठल्याच माणसाचं तसं पाहिलेलं नाही. गाडीत कुणी दिसत नव्हतं. बॉनेट आड आलं होतं. गाडीने आपणहून डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं, एवढंच त्याला दिसलं. त्याच्या हातातली वाटी सुटली. सगळं तूप तापल्या पत्र्यावर गेलं. वर कापसाची रोवं होतीच. वात, तूप आणि ताप. दिवा लागायला आणखी काय हवं असतं? मी भप्पकन पेटले.

आणि तो पळाला नाही. तेच तर भयंकर. नेमसिंगने हात जोडले. जाळ त्याच्या कपाळापर्यंत उठला होता, आणि तो हसत होता.

"घेतलं," तो म्हणाला. "माह्या भावानं घेतलं."

तिन्ही बाजूंना वर्षाचा कापूस, मध्ये मी जळतेय, आणि हा माणूस हात जोडून उभा.

"काका, कापूस," माझ्या आतून अंजूचा आवाज आला.

तेव्हा तो जागा झाला. अंजूने हँडब्रेक सोडला, आणि नेमसिंगने आयुष्यात पहिल्यांदा मला हात लावला. दोन्ही तळवे माझ्या दोन्ही डोळ्यांच्या बाजूला टेकवून, जाळाकडे तोंड करून, त्याने मला मागे रेटलं. त्याच्या मिशा करपल्याचा वास मला अजून आठवतो. शेडातून अंगणात, अंगणातून उतारावर. पुढच्या क्षणी छुम छुम करत रुपीबाई धावत आली. कुणीतरी पाण्याची बादली उचलली होती, तिला म्हातारीने कोपराने बाजूला सारलं. तुपाच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. तिच्या घमेल्यात घरच्या चुलीतली राख होती. ती तिने माझ्या पोटात उपडी केली. जाळ बसला.

 मग अंजूने काकाला माझ्या पोटाशी बसवलं. मुंग्यांची वाट दाखवली, पत्र्याच्या खाचेतली करपलेली लापसी दाखवली. इंजिन तापायला पळसाच्या वळणापर्यंतचाच रस्ता लागतो, म्हणून वास नेमका तिथे यायचा, हेही सांगितलं. नेमसिंग करपलेल्या मिशांवर हात फिरवत ऐकत होता.

"म्हंजे मी दिलं म्हून वास आला," तो सावकाश म्हणाला, "आन वास आला म्हून मी आणखी दिलं."

"जित्तेपनी एक शबद बोलले नाहीत," रुपीबाई म्हणाली, आणि ती रडतेय की हसतेय ते मला कळेना. "मेल्यावर एक चारून राह्यला, आन दुसरा ढेकरं देऊन राह्यला."

सोमवारी सकाळी भंगारवाला आला, तेव्हा माझ्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. एकीवर अंजू, दुसरीवर नेमसिंग, गुडघे छातीला लावून, टोपी छताला घासत. भंगारवाल्याने विचारलं की गाडी कोणती न्यायची. नेमसिंगने त्याला पाणी पाजलं आणि रिकामा परत पाठवला.

फकिराने मला स्वच्छ केलं. लिंबू काढायला मात्र तो तयार नव्हता. त्याच्या मते वास लिंबानेच शोधला. जुना पत्रा काढून त्याने नवा बसवला. जुना तो फेकणार होता, पण नेमसिंगने मागून घेतला आणि घरच्या चुलीच्या तोंडाशी ठोकून बसवला. आता धबुकार त्यावर देतील. म्हणजे, मित्रांनो, माझ्या अंगाचा एक तुकडा त्या घरच्या चुलीत आहे. मला शेडातून काढून अंगणातल्या कडुलिंबाखाली ठेवलंय, कापसापासून लांब. तिथे कावळे माझ्या टपावर सभा भरवतात. चालायचंच.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. फकिराला सांगितली तर तो पुन्हा लिंबू आणील, म्हणून तुम्हालाच सांगते. अजूनही रविवारी आम्ही पळसाच्या वळणावर पोचलो की एक वास येतो. जळका नाही. पळसाच्या पानात तापलेल्या भाकरीचा. माझ्या पत्र्यावर भाकर नसते, मी स्वतः जाणते. अंजू खिडकीची काच हळूच खाली करते.  नेमसिंग आपल्या खुर्चीवर जरा सरकून बसतो. दोन खुर्च्यांची गाडी आहे, पण जागा होते.

म्हणून या जुन्या गाडीचं एवढं ऐका, मित्रांनो. गाडीतून वास आला तर आधी मुंग्या पाहा आणि मग भुतं. पेटणारी गाडी पेटणाऱ्या मालाजवळ ठेवू नका. आणि तूप वाढायचंच असेल तर इंजिनात ओतू नका. ताटात वाढा, समोरचा माणूस जेवायला बसलेला आहे तोवर.